प्रायमरीत प्रस्थापिताला आव्हान : खर्च किती, कशावर आणि कोणाच्या खिशातून?

अमेरिकेत पक्षाचे तिकीट मतदार देतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी राज्याराज्यांत प्रायमरी होते आणि बहुतेक राज्यांत डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथल्या मतदानातून ठरते. विद्यमान सदस्यालाही ही परीक्षा चुकत नाही. वीस-तीस वर्षे जागा राखलेल्या नेत्यासमोर शाळेचा मुख्याध्यापक, परिचारिका किंवा बारमध्ये काम करणारी तरुणी उभी राहू शकते आणि जिंकूही शकते. ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचे वर्चस्व आहे, तिथे खरी निवडणूक हीच.

न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट किंवा बे एरियातल्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय आता परका राहिलेला नाही. घरात कोणी नागरिक आहे, कोणी ग्रीन कार्डवर, कोणी एच-१बीवर. मुले प्रचाराला जातात आणि देणगी मागणारे ईमेल तर सगळ्यांनाच येतात. म्हणून उभे राहणाऱ्यासाठी आणि त्याला मदत करू इच्छिणाऱ्यासाठी हा हिशेब. तो मुख्यतः प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे आपल्या लोकसभेशी तुलना होईल अशा सभागृहाच्या, प्रायमरीचा आहे.

थोडक्यात

• अर्जाचे शुल्क : शून्यापासून दहा हजार डॉलरहून अधिक, राज्यानुसार.
• सह्या : काही राज्यांत एकही नाही, काही ठिकाणी हजार-दोन हजार.
• प्रचार : सुमारे २ लाख डॉलरमध्ये दिग्गजांना हरवल्याची उदाहरणे दोन्ही पक्षांत आहेत. पण बाहेरचा मोठा पैसा लढतीत उतरला, तर हा आकडा अपुरा पडतो.
• सर्वांत जड खर्च : उमेदवाराचे वर्षभराचे बुडालेले उत्पन्न.

पात्रता आणि नोकरी

वय किमान २५, नागरिकत्वाला किमान ७ वर्षे पूर्ण आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य, एवढ्याच अटी राज्यघटनेत आहेत. जन्माने अमेरिकन असण्याची अट नाही. बेळगावात वाढलेले आणि १९७९ मध्ये शिकण्यासाठी अमेरिकेत गेलेले श्री ठाणेदार आज मिशिगनच्या १३व्या मतदारसंघाचे सदस्य आहेत.

संघराज्य सरकारच्या नोकरीत असाल, तर मात्र आधी राजीनाम्याचा विचार करावा लागेल. हॅच कायद्यानुसार त्या कर्मचाऱ्यांना पक्षीय निवडणूक लढवता येत नाही. खासगी नोकरीत असाल, तर बिनपगारी रजा मिळेल का, हे मालकाकडून लेखी घ्या.

अर्जाचे शुल्क

फ्लोरिडात पक्षाच्या उमेदवाराला प्रतिनिधिगृहासाठी १०,४४० डॉलर भरावे लागतात. सदस्याचा वार्षिक पगार १,७४,००० डॉलर आहे, त्याचे हे ६ टक्के. जॉर्जियात ३ टक्के, म्हणजे ५,२२०. व्हर्जिनियात २ टक्के, म्हणजे ३,४८०, आणि त्याशिवाय १,००० सह्या. टेक्सासमध्ये ३,१२५. कॅलिफोर्नियात १ टक्का, म्हणजे १,७४०. पेनसिल्व्हेनियात १५० डॉलर आणि १,००० सह्या. न्यूयॉर्कमध्ये शुल्क नाही, सगळा भार सह्यांवर.

भारतात लोकसभेची २५ हजारांची अनामत एक षष्ठांश मते मिळाली की परत येते. अमेरिकेतले शुल्क ही अनामत नाही. ते परत मिळणार नाही असे धरूनच पैसे बाजूला काढा.

पैसे नाहीत म्हणून दार बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील भरमसाठ शुल्क घटनाबाह्य ठरवले. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, ज्याची ऐपत नाही त्याला दुसरा मार्ग द्यावाच लागेल. टेक्सासमध्ये शुल्काऐवजी ५०० सह्या चालतात. तुमच्या राज्याच्या निवडणूक कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारा.

सह्या : स्वस्त दिसणारा, महाग पडणारा टप्पा

न्यूयॉर्कमध्ये १,२५०, मॅसॅच्युसेट्समध्ये २,०००, मिशिगनमध्ये १,००० वैध सह्या लागतात. यातला 'वैध' हा शब्द अधोरेखित करा. सही करणारा त्याच मतदारसंघातला नोंदणीकृत मतदार हवा. न्यूयॉर्कमध्ये तो त्याच पक्षाचा सदस्य हवा आणि एका पदासाठी त्याची एकच सही धरली जाते. तिथे मुदत फक्त ३७ दिवसांची, तीही फेब्रुवारीअखेरच्या थंडीत सुरू होणारी.

इथे किती नुकसान होते, ते मिशिगनने वारंवार पाहिले आहे. २०१२ मध्ये पाच वेळा निवडून आलेले रिपब्लिकन सदस्य थॅडियस मॅकॉटर यांच्या बहुसंख्य सह्या बाद झाल्या आणि विद्यमान सदस्य असूनही मतपत्रिकेवर त्यांचे नाव आले नाही. २०१४ मध्ये १९६५ पासून सभागृहात असलेले डेट्रॉइटचे जॉन कॉनियर्स सह्यांच्या वादात मतपत्रिकेवरून गेले आणि संघराज्य न्यायालयाच्या आदेशाने परत आले. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्यांनी केलेल्या खोट्या सह्यांमुळे बाद झाले. २०२४ मध्ये ठाणेदारांना आव्हान देणारे ॲडम हॉलियर यांच्या वैध सह्या हजाराच्या आत भरल्या आणि त्यांची लढत मतदानाआधीच संपली.

म्हणून गरजेच्या किमान दुप्पट, शक्यतो तिप्पट सह्या घ्या. पैसे देऊन सह्या जमवणाऱ्या कंपनीपेक्षा ओळखीचे स्वयंसेवक केव्हाही बरे. ते खोटी सही करत नाहीत, आणि सही घेताना झालेली ओळख पुढे मतात बदलते. रोज संध्याकाळी मतदारयादीशी सह्या ताडून पाहणारा एक माणूस नेमा. निवडणूक कायदा जाणणाऱ्या वकिलासाठी रक्कम बाजूला ठेवा, कारण प्रस्थापिताची माणसे तुमचा एकेक कागद तपासणार आहेत.

नोंदणी आणि हिशेबाची वही

५,००० डॉलरपेक्षा जास्त जमले किंवा खर्च झाले, की संघीय निवडणूक आयोगाकडे १५ दिवसांत उमेदवारी नोंदवावी लागते आणि त्यानंतर १० दिवसांत प्रचार समिती. नोंदणीला शुल्क नाही, अहवाल भरण्याचे सॉफ्टवेअरही आयोग फुकट देतो. मात्र खजिनदाराशिवाय समितीला एक डॉलरही घेता वा खर्चता येत नाही. २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण जाहीर करावे लागते. शेवटच्या वीस दिवसांत हजार डॉलर वा त्याहून मोठी देणगी आली, तर ती ४८ तासांत कळवावी लागते. यासाठी हिशेबात पक्का, वेळ देऊ शकणारा माणूस शोधा. मंडळाचा जमाखर्च वर्षानुवर्षे चोख ठेवणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांचा इथे खरा उपयोग आहे.

पैसे ऑनलाइन घेताना माध्यमाचे शुल्क धरा. डेमोक्रॅटिक उमेदवार वापरतात ते ॲक्टब्लू प्रत्येक देणगीतून ३.९५ टक्के कापते. एक लाख डॉलर जमले, तर ३,९५० तिथेच गेले.

घर कसे चालणार?

हा प्रश्न बहुतेक इच्छुक शेवटी विचारतात, आणि त्यानेच सर्वाधिक उमेदवाऱ्या सुरू होण्याआधी संपतात. दार ठोठावणे, फोन करणे, सभा घेणे हे पूर्णवेळ काम आहे. प्रस्थापिताला त्या काळात पगार सुरू असतो. तुमचा बंद होतो, आणि अमेरिकेत नोकरीबरोबर आरोग्यविमाही जातो.

यावर दोन कायदेशीर आधार आहेत. २०१८ मध्ये आयोगाने प्रचारामुळे वाढलेला मुलांच्या सांभाळाचा खर्च प्रचारनिधीतून करण्यास परवानगी दिली. २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार उमेदवाराला प्रचारनिधीतून मानधन घेता येते. मर्यादा अशी, की मागच्या पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न किंवा सदस्याच्या पगाराचा निम्मा भाग (वर्षाला ८७,००० डॉलर), यांपैकी कमी असेल ते. आरोग्यविम्याचा हप्ताही त्यातून देता येतो. हे घेण्यात कमीपणा मानू नका. घरभाडे थकलेला माणूस निवडणूक लढवू शकला नाही, तर सभागृहात फक्त ज्यांना भाड्याची चिंता नाही तेच बसतील.

तरीही निधी जमेपर्यंतचे पहिले काही महिने स्वतःच्या बचतीवर काढावे लागतात. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी नसेल, तर जोडीदाराशी आकडे मांडून बोला आणि मगच घोषणा करा.

प्रचाराचा पैसा कुठे घालायचा?

आधी मते मोजा, डॉलर नंतर. प्रतिनिधिगृहाच्या एका मतदारसंघात साडेसात लाखांच्या आसपास लोक राहतात, पण प्रायमरीला येणारे फार थोडे. २६ जून २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या १४व्या मतदारसंघात अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी जो क्रॉली यांना हरवले, तेव्हा त्यांना जिंकायला सुमारे १७ हजार मते पुरली. क्रॉली १९९९ पासून सदस्य होते आणि सभागृहातल्या डेमोक्रॅटिक नेतृत्वात चौथ्या क्रमांकावर होते. त्यांनी ३० लाख डॉलरहून अधिक खर्च केला. ओकासिओ-कोर्टेझ यांचा खर्च सुमारे २ लाख. त्यांची गाजलेली दोन मिनिटांची चित्रफीत दहा हजार डॉलरच्या आत तयार झाली होती.

रिपब्लिकन पक्षातले उदाहरणही तितकेच बोलके आहे. १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियात अर्थशास्त्राचे प्राध्यापक डेव्ह ब्रॅट यांनी सभागृहाचे बहुमत नेते एरिक कँटर यांना हरवले. ब्रॅट यांचा एकूण खर्च २ लाख डॉलरच्या घरात होता. कँटर यांच्या प्रचाराने ५० लाखांहून अधिक खर्चले, आणि त्यातले सुमारे १ लाख ६८ हजार केवळ स्टेकहाउस उपाहारगृहांत गेले होते.

आता तुमचा आराखडा. समजा प्रायमरीत येण्याची शक्यता असलेले ४० हजार मतदार आहेत आणि प्रत्येकाला पाच पत्रके पाठवायची आहेत. छपाई व टपाल मिळून एका पत्रकाला पाऊण डॉलर धरला, तर दीड लाख डॉलर तिथेच संपतात. उलट १०० स्वयंसेवकांनी शनिवार-रविवार मिळून चार तास दिले आणि तासाला १५ दारे ठोठावली, तर आठवड्याला ६,००० दारे होतात. अर्ध्या दारांशी कोणी भेटले नाही, तरी ३,००० घरांशी बोलणे झाले. खर्च पाणी, पत्रके आणि पेट्रोलचा. म्हणून पैसा या क्रमाने घाला : मतदारयादी, स्वयंसेवकांना सांभाळणारा एक पगारी संघटक, पत्रके, मग समाजमाध्यमांवरील जाहिराती. टीव्ही सर्वांत शेवटी.

टीव्हीवर गेलातच, तर एक सवलत लक्षात ठेवा. प्रायमरीआधीच्या ४५ दिवसांत वाहिन्यांना उमेदवाराला सर्वांत कमी दर लावावा लागतो. सुपर पॅक म्हणजे बाहेरून खर्च करणाऱ्या गटांना ही सवलत नाही. तुमचा डॉलर तिथे त्यांच्या डॉलरपेक्षा जास्त वेळ विकत घेतो.

पक्षयंत्रणा विरोधात जाईल, हेही खर्चात धरा. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधिगृह प्रचार समितीने विद्यमान सदस्यांच्या विरोधकांसाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना काम न देण्याचे धोरण आणले. २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. न्यू जर्सीत पक्षाने पसंत केलेल्या उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर एका ओळीत छापली जात आणि आव्हान देणारा कोपऱ्यात पडे. प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सदस्य अँडी किम यांनी दाखल केलेल्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये संघराज्य न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती पद्धत थांबवली. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या इच्छुकांसाठी हा फार मोठा बदल आहे.

बाहेरचा पैसा आणि दुसरी फेरी

अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, निवडणुकीत खर्चाला मर्यादा नाही. भारतात लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. अमेरिकेत १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःचा कितीही पैसा घालता येतो. मात्र स्वतःचा पैसा म्हणजे विजय नव्हे. २०१८ मध्ये ठाणेदारांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे सुमारे १ कोटी डॉलर घातले आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये नऊ उमेदवारांच्या लढतीत सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले, कारण मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते.

टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत निम्म्याहून जास्त मते कोणालाच न मिळाल्यास दुसरी फेरी होते. तिथे अंदाजपत्रक दोन निवडणुकांचे करा. जेसिका सिस्नेरोस २०२२ मध्ये टेक्सासात विद्यमान सदस्य हेन्री क्वेयार यांच्याविरुद्ध मार्चची प्रायमरी आणि मेची दुसरी फेरी लढल्या, फेरमोजणीही मागितली, आणि २८९ मतांनी हरल्या.

जिंकल्यानंतरही खर्च संपत नाही. मुख्याध्यापक जमाल बोमन यांनी २०२० मध्ये १९८९ पासून सदस्य असलेल्या एलियट एंगल यांना हरवले. परिचारिका म्हणून काम केलेल्या कोरी बुश २०१८ मध्ये हरल्या आणि २०२० मध्ये त्यांनी लेसी क्ले यांना हरवले. त्या जागेवर क्ले पितापुत्र मिळून १९६९ पासून होते. २०२४ मध्ये या दोघांविरुद्ध इस्रायलसमर्थक आयपॅकशी संलग्न सुपर पॅक उतरला. बोमन यांच्या लढतीत त्याने १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक ओतले, बुश यांच्या लढतीत सुमारे ८५ लाख. दोघेही प्रायमरीत हरले. दोन लाखांची निवडणूक प्रतिस्पर्धी गाफील असताना जिंकता येते. तो सावध झाला, की किंमत बदलते.

कमी पैशात सुरुवात करायची असेल, तर स्थानिक निवडणुकीपासून करा. न्यूयॉर्क शहरात रहिवाशांच्या छोट्या देणगीवर शहर एकास आठ या प्रमाणात सार्वजनिक निधी देते. १० डॉलरला ८० डॉलर. नगर परिषदेसाठी पात्र ठरायला किमान ५,००० डॉलर आणि मतदारसंघातले ७५ देणगीदार लागतात. याच योजनेच्या आधारावर २०२५ मध्ये झोहरान ममदानी महापौरपदाच्या प्रायमरीत माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्यासमोर उभे राहिले. योजनेतल्या खर्चमर्यादेइतका निधी हाती येणार हे दिसताच त्यांनी समर्थकांना देणग्या थांबवून वेळ द्यायला सांगितले, आणि ते जिंकले.

देणगी देणाऱ्यांसाठी

• नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. २०२५-२६ मध्ये एका उमेदवाराला प्रायमरीसाठी ३,५०० डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळे ३,५००. पती-पत्नींची मर्यादा स्वतंत्र.
• एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी एक डॉलरही देऊ नये. भारतातल्या नातेवाइकांचाही पैसा चालत नाही. विनामोबदला स्वयंसेवा मात्र करता येते. पैसा कुठे खर्चायचा, कोणाला नेमायचे, या निर्णयांपासून दूर राहा.
• दुसऱ्याच्या नावाने देणगी देणे किंवा देणाऱ्याला मागून पैसे परत करणे गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१४ मध्ये असाच गुन्हा कबूल केला. त्यांना पाच वर्षांची परिवीक्षा आणि ३०,००० डॉलर दंड झाला. पुढे २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली.
• रोख फक्त १०० डॉलरपर्यंत. राजकीय देणगीवर करसवलत नाही.
• ऑनलाइन अर्जात 'दरमहा' ही चौकट आधीच खूण केलेली नाही ना, ते पाहा.
• उमेदवार प्रायमरीत हरला, तर मुख्य निवडणुकीसाठी दिलेली रक्कम परत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.
• पैसे देण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर समितीचे नाव शोधा. उमेदवाराचे छायाचित्र लावून स्वतःसाठी पैसे गोळा करणारे गटही असतात.

मग करावे का?

पुढील चार गोष्टी असतील, तर करावे. मतदारसंघ एका पक्षाचा बालेकिल्ला असावा. विद्यमान सदस्य लोकांत दिसेनासा झालेला असावा. पैसे न घेता महिनोन्महिने दारोदार फिरणारी शंभर माणसे तुमच्यासोबत असावीत. आणि घर किमान सहा महिने तुमच्या पगाराशिवाय चालावे. यांतली तिसरी गोष्ट नसेल, तर पैसा कितीही असो, थांबा आणि दोन वर्षे स्थानिक कामात घाला.

आणि जे उभे राहणार नाहीत, त्यांच्यासाठी एक आग्रहाची विनंती. तुम्ही नागरिक असाल, तर प्रायमरीला मतदान करा. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत पक्षाचे सदस्य असल्याशिवाय हे मत देता येत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलण्याची मुदत १४ फेब्रुवारीला संपते. मिशिगन, टेक्सास, व्हर्जिनियात अशी पक्षनोंदणीच नाही. तुमच्या राज्याचा नियम आजच पाहून घ्या. सतरा हजार मतांनी निकाल फिरतो, तिथे एका मराठी मंडळाची मते कमी नाहीत, आणि त्यासाठी एक डॉलरही खर्च येत नाही.